कान वाहतोय, दोन्ही कानांत मशीन, वर ॲमिकासिन चालू: केअर प्लॅनमध्ये काय काय घ्यावं?

मेडिसिन_वॉर्ड_स्टाफ

नमस्कार. केअर प्लॅन लिहायला घेतलाय आणि तीन ठिकाणी अडलंय, म्हणून विचारते.

पेशंट पुरुष, वय ७२, मधुमेह जुना. दोन्ही कानांना ऐकण्याचं कानामागचं मशीन, साच्याचं (साचा म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग). उजवा कान चार दिवसांपासून वाहतोय, स्राव पिवळट, वास फारसा नाही. लघवीच्या संसर्गासाठी ॲमिकासिन हे अँटिबायोटिक सुरू आहे, पायावर सूज म्हणून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषधही आहे. कानासाठी आजच सिप्रोफ्लॉक्सासिनचे ड्रॉप्स लिहिलेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा राउंड परवा आहे. पडद्याला भोक आहे की नाही, याची केस पेपरवर नोंद नाही.

पुस्तकात 'संवादात अडथळा' असं लिहून खाली 'हळू व स्पष्ट बोलणे' एवढंच दिलेलं असतं. त्याने वॉर्डात काम भागत नाही. मला हवंय ते असं:

१) वाहत्या कानाची रोजची काळजी आणि ड्रॉप्स घालायची नेमकी पद्धत.
२) मशीनचं काय करायचं? उजवीकडचं घातलं की शिट्टी वाजते.
३) बोलणं. प्रत्येक गोष्टीला मान हलवतात, पण नंतर इन्सुलिनबद्दल विचारलं तर भलतंच सांगतात.

तिन्ही ड्युटीच्या स्टाफला एकसारखं करता येईल असं सांगा.

कान_विभाग_सिस्टर

पडदा कोणी पाहिलेला नाही, म्हणजे पडद्याला भोक आहे असं धरूनच चालायचं. या एका वाक्यावर बाकीचं सगळं ठरतं. पिचकारीने कान धुणं बंद, तेल बंद, मळ विरघळवणारे ड्रॉप्स बंद. सिप्रोफ्लॉक्सासिन चालतं, कारण क्विनोलोन गटाचे ड्रॉप्स मधल्या कानात उतरले तरी आतल्या कानाला इजा करत नाहीत. कपाटात निओमायसिन किंवा जेंटामायसिनची बाटली दिसली तर 'कानाचीच आहे' म्हणून ती उचलू नका. ही दोन्ही औषधं भोकातून आत गेली तर ऐकण्याच्या पेशींनाच मारतात, आणि या पेशंटला आधीच त्याच गटातलं (ॲमिनोग्लायकोसाइड) ॲमिकासिन शिरेतून चालू आहे. आणखी एक: डोळ्याचे ड्रॉप्स डॉक्टर कधीकधी कानात वापरायला सांगतात, पण कानाचे ड्रॉप्स डोळ्यात कधीच जाता कामा नयेत. बाटल्या सारख्या दिसतात, म्हणून ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवू नका.

स्वॅब (जंतू तपासायला काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना) सांगितला असेल तर तो पहिला थेंब पडायच्या आधी घ्या. कानाच्या बाहेरच्या कातडीला काडी लागली तर कातडीवरचे जंतू उगवतात आणि रिपोर्टचा उपयोग राहत नाही. आधी बाहेरचा भाग पुसा, मग काडी आत, थेट स्रावात.

मग कान कोरडा करायचा. ओल्या कानात ड्रॉप्स घातले तर ते पुवावर तरंगतात, कातडीपर्यंत आणि पडद्यापर्यंत पोचत नाहीत. 'ड्रॉप्स देऊन पाच दिवस झाले तरी फरक नाही' यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं. शोषून घेणारा स्वच्छ कापूस किंवा मऊ पण न फाटणारा टिश्यू घ्यायचा, वळून टोकदार वात करायची. कान वर आणि मागे ओढून वात हलकेच आत सरकवायची, ओली होईपर्यंत तशीच ठेवायची, काढायची, टाकून द्यायची, नवी घ्यायची. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हेच. सहज सात-आठ वाती लागतात. दिवसातून निदान तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी ड्रॉप्सच्या आधी. काडीला कापूस गुंडाळलेले तयार बड वापरू नका. ते स्राव शोषण्याऐवजी आत ढकलतात. वात कानात विसरून राहू देऊ नका.

ड्रॉप्सची बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरून शरीराइतकी कोमट करा. थंड थेंब पडला की आतल्या कानातल्या द्रवात हालचाल होते आणि पेशंटला खोली फिरल्यासारखी वाटते. ती औषधाची रिॲक्शन नसते, थंडपणाचा परिणाम असतो. पण ७२ वर्षांचा माणूस त्याच चक्करेत उठून बसला तर पडेल.

उजवा कान वर येईल असं कुशीवर झोपवा. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, तीन वर्षांखालच्या मुलाचा खाली आणि मागे, कारण लहान मुलाच्या कानाच्या नळीचा कोन वेगळा असतो. थेंब नळीच्या मधोमध सोडू नका, भिंतीवरून ओघळू द्या. मधोमध सोडला की खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि औषध वरच राहतं. ड्रॉपरचं टोक कानाला लागू देऊ नका. मग कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा बोटाने चार-पाच वेळा हलकेच दाबा-सोडा, त्या पंपाने औषध आत उतरतं. पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. नंतर बाहेर आलेलं पुसा. कापूस ठेवायचाच असेल तर बाहेरच्या तोंडाशी सैल ठेवा. घट्ट बोळा स्राव कोंडतो.

इथे एक गोष्ट कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही. उजवा कान वर म्हणजे डावा कान उशीवर. डावीकडचं मशीन उशीत दाबलं गेलं की शिट्टी वाजते किंवा बंद पडतं. म्हणजे ज्या पाच मिनिटांत तुम्ही 'हलू नका', 'दुखतंय का' असं विचारणार, त्या पाच मिनिटांत त्यांना काहीच ऐकू येत नाही, आणि तोंड पलीकडे असल्यामुळे तुमचे ओठही दिसत नाहीत. सगळं आधी बसवून सांगा. खूण ठरवा: दुखलं किंवा गरगरलं तर हात वर. आणि तुम्ही त्यांच्या तोंडासमोरच्या बाजूला उभ्या राहा.

नवीन_ड्युटी

स्राव घट्ट असेल तर कोमट सलाईनने हलकं धुऊन काढलं तर चालेल ना? वातीने सगळं निघत नाही.

कान_विभाग_सिस्टर

नाही. या पेशंटला तर अजिबात नाही. पडद्याचं माहीत नाही, कान वाहतोय आणि मधुमेह आहे. यातलं एकेक कारणही थांबायला पुरेसं आहे. वयस्क मधुमेही माणसाच्या कानात पाणी गेलं आणि नळीची कातडी खरचटली, तर स्यूडोमोनास जंतू हाडापर्यंत जाऊ शकतो. त्याला नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. कवटीच्या तळाचं हाड सडतं. वातीने निघत नसेल तर राउंडला सांगा. ते सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने काढतील.

म्हणूनच प्रत्येक शिफ्टला चार गोष्टी बघा आणि लिहा. कान दुखतो का, आणि रात्री दुखणं वाढतं का: दिसतं त्या मानाने फार दुखत असेल, झोप लागत नसेल, जबडा हलवताना कळ येत असेल तर ती हाडापर्यंत जाण्याची खूण असू शकते. चेहरा: भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. एका बाजूला कमी हललं तर राउंडची वाट बघू नका. कानामागे सूज, लाली, कान पुढे ढकलल्यासारखा. ताप, डोकेदुखी, उलटी, मान ताठ. यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन. साखरेचा तक्ताही याच पानावर ठेवा. साखर चढलेली असेल तर कान बरा होत नाही.

आणि वास. आत्ता 'फारसा नाही' लिहिलंय ते बरंय. स्राव थोडाच पण कुजकट वासाचा झाला तर वेगळा विचार करावा लागतो, कारण कोलेस्टिआटोमामध्ये (मधल्या कानात कातडी साचून होणारी गाठ) तसा स्राव येतो आणि त्यात हाड झिजतं. म्हणून रोज 'किती, कसा रंग, वास' असं तीन शब्दांत लिहा. 'कान साफ केला' एवढंच लिहून काही कळत नाही.

श्रवण_तंत्रज्ञ

मशीनबद्दल मी सांगतो.

कान वाहतोय तोवर उजवीकडचं मशीन बाहेरच राहू द्या. साचा हा बुचासारखा असतो. त्याने स्राव कोंडतो, आत ऊब आणि ओल राहते, आणि साच्यावरचे जंतू परत परत कानात जातात. डावीकडचं मात्र सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घातलेलंच हवं. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) बघा, आणि उजवा कान दोन्हींत चांगला असेल तर आमच्या विभागाला कळवा. गळ्यात अडकवायचं हेडफोनचं छोटं ॲम्प्लिफायर तात्पुरतं मिळू शकतं. हेडफोन बाहेरून बसतो, कान बंद करत नाही.

लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची. अदलाबदल झाली की साचा बसत नाही आणि शिट्टी येते, म्हणून आधी तेवढं तपासा.

शिट्टी म्हणजे मशीनमधून बाहेर पडलेला आवाज गळून परत त्याच्याच मायक्रोफोनमध्ये जातोय. गळती कुठे आहे ते शोधायला एक सोपी चाचणी आहे. मशीन चालू ठेवून साच्याचं जे भोक कानात जातं त्यावर बोट घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर मशीन आणि त्याला साच्याशी जोडणारी नळी ठीक, दोष कानात आहे: साचा नीट बसला नाही, वजन उतरल्यामुळे सैल झाला, किंवा कानात मळ आहे आणि आवाज त्यावर आपटून परततोय. बोट दाबूनही शिट्टी चालूच राहिली तर नळी किंवा वरचा हूक (मशीनचा कानावर अडकणारा वाकडा भाग) तडकलाय. नळी काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते. ती बदलावी लागते, चिकटपट्टीने काम होत नाही. तुमच्या पेशंटच्या उजव्या कानात स्राव भरलेला असल्यामुळेही शिट्टी येत असेल. आवाज कमी करून शिट्टी थांबवू नका. मग मशीन कानात असूनही ऐकू येत नाही.

साचा बसवताना आवाज बंद. साच्याचं टोक कानाच्या नळीत घाला, थोडं मागे फिरवत दाबा, वरचा कोंब कानाच्या वरच्या वळणाखाली खोचा. तो कोंब बाहेर राहणं हे वॉर्डातल्या शिट्टीचं सर्वांत साधं कारण. मग मशीन कानामागे आणि शेवटी आवाज चालू.

'मशीन बंद पडलंय' अशी तक्रार आली तर क्रम असा: सेल, मळ, ओल. सेलच्या आकाराला रंग ठरलेला असतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. कानामागच्या मशीनला सहसा १३ किंवा ६७५ लागतो, पण दाराच्या आत बघून खात्री करा. हे सेल झिंक-एअर आहेत, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. रंगीत पट्टी काढल्यावर निदान एक मिनिट उघडा ठेवा, मगच आत घाला. लगेच दार लावलं तर पुरेशी हवा मिळत नाही आणि 'नवा सेलही खराब' असं वाटतं. पट्टी एकदा काढली की सेल संपायला लागतो, परत चिकटवून थांबत नाही. सेल घालून मशीन चालू करा आणि मुठीत बंद करा: शिट्टी आली तर जिवंत आहे. नव्या मशीनमध्ये शिट्टी दाबणारी व्यवस्था असते, त्यामुळे शिट्टी नाही म्हणजे बिघडलंच असं समजू नका. स्टेथोस्कोपसारखी ऐकायची नळी लावून ऐका.

साचा धुवायचा तर हुकापासून सुटा करून. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, नंतर फुग्याच्या फुंकणीने नळीतलं पाणी पूर्ण काढा. नळीत एक थेंब अडकला तरी आवाज बंद होतो. मशीनला स्वतःला पाणी नाही. स्पिरिट साच्याला नाही, मशीनलाही नाही. वाहत्या कानाचा साचा रोज धुवा आणि कान कोरडा झाल्यावर घालायच्या आधी पुन्हा एकदा.

अंघोळ, एमआरआय, डोक्याचा सीटी, केस वाळवायचं यंत्र: या सगळ्याआधी मशीन काढा. ऑपरेशनला जायचं असेल तर भूल देईपर्यंत राहू द्यायची परवानगी भूलतज्ज्ञांकडून घ्या आणि रिकव्हरीत शुद्ध येताच परत घाला. भुलीतून उठलेल्या माणसाला 'श्वास घ्या, डोळे उघडा' हे ऐकूच आलं नाही, तर त्याची शुद्ध कशी तपासणार?

डबी एकच, नाव आणि बेड नंबर लिहिलेली. टिश्यूत गुंडाळून ट्रेवर ठेवलेलं मशीन कचऱ्यात जातं. चादरीत अडकलेलं धोब्याकडे जातं. चादर बदलताना आधी डबी मोजा.

सेल गिळला गेला किंवा लहान मुलाने कानात घातला तर ती इमर्जन्सी आहे. कानात अडकलेल्या सेलवर थेंब घालू नका, पाणी मारू नका. ओल लागली की त्याचा विद्युतप्रवाह आजूबाजूची कातडी भाजतो. लगेच कान-नाक-घसा विभागात पाठवा. वापरलेले सेल औषधाच्या गोळ्यांसारखे दिसतात, म्हणून गोळ्यांच्या वाटीजवळ ठेवू नका. नीट न दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने तो गोळी म्हणून घेणं सहज शक्य आहे.

नर्सिंग_ट्यूटर

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मान हलवणं हा ऐकल्याचा पुरावा नाही. ऐकू न येणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा 'काय म्हणालात?' विचारून थकतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा त्रास त्याला दिसतो, आणि मग तो मान हलवून सुटका करून घेतो. त्यामुळे 'कळलं का?' हा प्रश्न प्लॅनमधून काढून टाका. त्याऐवजी 'इन्सुलिन कधी घ्यायचं, मला सांगा बरं' असं विचारा. जे परत सांगता आलं तेवढंच पोचलं, असं धरा आणि चार्टवर तेच लिहा.

वयानुसार ऐकणं कमी होताना आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, ख, ट, ठ, थ ही व्यंजनं उंच पट्टीत आणि कमी ताकदीची, ती गळतात. म्हणून पेशंट म्हणतो, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' ते अगदी खरं सांगत असतात. आता मराठीतले आकडे घ्या. 'सात', 'साठ', 'आठ' यांतली व्यंजनं काढा, तिन्हींत उरतो फक्त 'आ'. 'आठ युनिट' म्हणालात आणि त्यांनी 'साठ' ऐकलं तर काय होईल, विचार करा. 'पंधरा' आणि 'पन्नास' यांचीही सुरुवात सारखीच. म्हणून इन्सुलिनचं युनिट, गोळ्यांची संख्या, वेळ, तारीख: हे तोंडी सांगायचंच नाही असा नियम करा. जाड पेनने, मोठ्या आकड्यात, पांढऱ्या कागदावर लिहा, दाखवा, बोट ठेवून वाचून घ्या. लिहिताना बोलू नका, कारण त्यांची नजर कागदावर असते आणि तुमचे ओठ दिसत नाहीत.

ओरडू नका. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढीच राहतात, ओठांचा आकार बिघडतो, आणि आतल्या कानाच्या दोषात आवाज थोडा वाढवला तरी तो एकदम कानठळ्या बसवणारा वाटतो. चेहरा ताणलेला दिसतो तो वेगळाच. नेहमीच्या आवाजात, किंचित खालच्या पट्टीत, थोडं संथ, वाक्य तोडून बोला. शब्द शब्द सुटा करू नका. वाक्याची लय गेली की अंदाज बांधता येत नाही. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. 'उपाशीपोटी या' कळलं नाही तर 'सकाळी काही खायचं नाही, नुसतं पाणीही नाही' असं सांगा.

ओठ वाचण्याबद्दल एक गैरसमज आहे. प, ब, म ओठांवर अगदी सारखे दिसतात: 'पाठ' आणि 'माठ' बघून ओळखता येत नाहीत. क, ग, ख तर घशातच होतात, दिसतच नाहीत. ओठ मदत करतात, बाकी अंदाज विषयावरून बांधला जातो. म्हणून आधी विषय सांगा: 'जेवणाबद्दल बोलतेय', मग प्रश्न. विषय बदलला तर तेही सांगा.

उभं कुठे राहायचं: समोर, एक मीटरच्या आसपास, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, उजेड तुमच्या चेहऱ्यावर. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात तर त्यांना फक्त काळी आकृती दिसते. एक मीटरवरचं साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल असतं. चांगल्या कानाचा दोष ६५ ते ८० डेसिबल असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो तीव्र गटात येतो, आणि मशीनशिवाय तुमचं साधं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ऑडिओग्राममधला हा एक आकडा केअर प्लॅनच्या पहिल्या ओळीत हवा. नेब्युलायझर, सक्शन, टीव्ही चालू असताना काही महत्त्वाचं सांगू नका. मशीन गोंगाटही मोठा करतं. तुमच्या तोंडावर मास्क असणारच असेल तर पारदर्शक खिडकीचा मागवा, नसेल तर लिहूनच सांगा.

मागून हात लावू नका. दार वाजवून उपयोग नाही, तेव्हा समोर या, हात हलवा, नजर मिळाली की बोला. रात्री मशीन डबीत असतं, म्हणून रात्रीचं सगळं मशीन काढायच्या आधी सांगून घ्या: किती वाजता रक्त घ्यायचं, कोण उठवणार, कशी खूण करणार. उठवताना आधी दिवा, मग पलंगाला हलका स्पर्श, मग खांदा. कॉल बेल दाबल्यावर इंटरकॉमवरून 'काय हवंय?' विचारणं बंद; बेडजवळ जायलाच हवं. स्टेशनवरच्या त्या बेडच्या बटणाला खूण करून ठेवा.

सलाईन ज्या हाताने लिहितात त्या हाताला लावू नका. खुणांची भाषा वापरणारा पेशंट असेल तर शक्यतो मनगट आणि बोटं मोकळी राहतील अशी जागा निवडा. दोन्ही हात बांधणं म्हणजे त्याचं तोंड बांधणं.

घरच्यांना दुभाषी करू नका, निदान संमतीपत्र आणि गंभीर बातमी यासाठी तरी नाही. ते प्रेमापोटी अर्धं गाळतात.

आयसीयू_रात्रपाळी

ॲमिकासिन आणि फ्युरोसेमाइड एकत्र, वय ७२, मधुमेह: इथे मूत्रपिंड आणि कान दोन्ही सांभाळावे लागतात. मूत्रपिंड मंदावून रक्तातलं क्रिॲटिनिन वाढलं की ॲमिकासिन शरीरात साचतं आणि आतल्या कानातल्या केसपेशी मरतात. त्या परत येत नाहीत. फ्युरोसेमाइड त्यात भर घालतं, विशेषतः शिरेतून भरकन दिलं तर. मोठा डोस मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने जाता कामा नये. ॲमिकासिन ३० ते ६० मिनिटांत सलाईनमधून द्या. रक्तातली पातळी बघायला सांगितलं असेल तर नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्या आणि ट्यूबवर खरी वेळ लिहा. चुकीच्या वेळेच्या नमुन्यावर ठरवलेला डोस धोक्याचा ठरतो.

रोज विचारायचं: कानात नवा आवाज येतो का, गुणगुण, शिट्टी? उठताना, अंधारात चालताना तोल जातो का? ॲमिकासिन जास्त करून ऐकण्यावर जातं, जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलावर. नुकसान उंच पट्टीपासून सुरू होतं, त्यामुळे पहिले काही दिवस पेशंटला स्वतःला कळत नाही. आणि मशीन वापरणारा माणूस 'कान कमी झाला' असं म्हणतच नाही, तो म्हणतो, 'मशीनचा आवाज उतरलाय.' सेल बदलून, साचा साफ करूनही तीच तक्रार राहिली तर तंत्रज्ञाकडे पाठवण्याआधी औषधाचा तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध थांबवल्यानंतरही काही आठवडे ऐकणं घसरू शकतं, म्हणून डिस्चार्ज कार्डावर हे लिहून द्या.

आईकडच्या नात्यात कोणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आलं होतं का, हे विचारून नोंदवा. एक जनुकीय दोष आईकडून येतो. त्यात ॲमिकासिनच्या गटातल्या औषधाच्या एका साध्या डोसनेही कान जाऊ शकतो.

मेडिसिन_वॉर्ड_स्टाफ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. मुलगा म्हणतोय, हरवेल म्हणून दोन्ही मशीन घरी नेतो. आणि रात्रपाळीच्या नोंदीत 'पेशंट गोंधळलेला, वेळ-ठिकाणाचं भान नाही' असं लिहिलंय. दिवसा तर व्यवस्थित बोलतात.

नर्सिंग_ट्यूटर

दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत. रात्री मशीन डबीत, दिवा बंद, स्टाफने पाठीमागून विचारलं 'बाबा, कुठे आहात तुम्ही?', त्यांनी अंदाजाने काहीतरी उत्तर दिलं, आणि नोंद झाली 'गोंधळलेला'. भान तपासायचं तर दिवा लावा, डावीकडचं मशीन घाला, समोर या आणि प्रश्न लिहूनही दाखवा. त्यानंतरही उत्तर चुकलं तर मात्र ती खरी नोंद, आणि मग साखर, ऑक्सिजन, ताप, सोडियम बघायला डॉक्टरांना बोलवा. संसर्ग आणि मधुमेह असलेल्या माणसात खरा गोंधळ होऊ शकतोच, म्हणून 'ऐकू येत नसेल' म्हणून सोडूनही देऊ नका. ऐकू न येणं हेच अशा गोंधळाचं एक कारणही बनतं. आजूबाजूला काय चाललंय ते कळेनासं होतं, म्हणून मशीन घरी पाठवणं हा चुकीचा उपाय आहे. मुलाला सांगा: डावीकडचं इथेच हवं, उजवीकडचं कान कोरडा होईपर्यंत नेलं तरी चालेल, ताब्यात दिल्याची सही घ्या.

श्रवण_तंत्रज्ञ

मुलाकडून सेलचं नवं पान, फुंकणी आणि डबी मागवून घ्या. आणि एक विचारा: मशीन पूर्वी कधी अचानक 'पुरेनासं' झालं होतं का? तीन दिवसांच्या आत अचानक कमी झालेलं ऐकणं, विशेषतः एका कानाचं, ही इमर्जन्सी असते. स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. असा पेशंट मळ समजून आठवडाभर तेलाच्या थेंबांवर ठेवला जातो, आणि तो वेळ परत मिळत नाही.

कान_विभाग_सिस्टर

हँडओव्हरची ओळ अशी लिहा म्हणजे तिन्ही शिफ्टला उपयोगी पडेल:

'चांगला कान डावा, मशीन डावीकडे चालू, निळी खूण, १३ नंबरचा सेल, बदलल्याची तारीख लिहावी. उजवा कान वाहतो, मशीन काढून ठेवलं. पडदा पाहिलेला नाही: पाणी, तेल, सिरिंज नाही. दिवसातून तीनदा वात, मग सिप्रोफ्लॉक्सासिन ड्रॉप्स, कोमट करून, आधी बसवून समजावून. आकडे फक्त लिहून. सांगितलेलं परत सांगायला लावणे. सलाईन डाव्या हाताला. चेहरा दोन्हीकडे सारखा हलतो, रात्रीची कानदुखी नाही, कानात नवा आवाज नाही.'

यात 'चांगला कान डावा' हे ऑडिओग्राम बघून खात्री केल्यावरच लिहा. तोवर 'मशीन असलेला कान डावा' एवढंच. सेलचा नंबरही दारात बघूनच. आणि 'सलाईन डाव्या हाताला' लिहिण्याआधी ते कुठल्या हाताने लिहितात, ते पेन देऊन बघा.